पडद्याच्या पुढची जागा

वृद्धाश्रमात सिनेमा दाखवायचा, असा विषय मुदखेडच्या आमच्या बैठकीत निघाला तेव्हा एका जुन्याजाणत्या कार्यकर्त्याने मला सरळ विचारले, "वकीलसाहेब, समाजापुढचे प्रश्न संपले का? ॲट्रॉसिटीच्या केसेस तारखांवर तारखा खात आहेत, गायरानधारकांना नोटिसा येत आहेत, पोरांची शिष्यवृत्ती अडकली आहे. आणि तुम्ही म्हाताऱ्यांना सिनेमा दाखवायला निघालात?" बैठकीतली पोरे हसली. मीही हसलो, पण माझ्याकडे त्या दिवशी धड उत्तर नव्हते. त्यानंतर दोन वर्षे आम्ही हे काम जमेल तसे करत आलो आहोत. आज हा लेख लिहितो आहे तो त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच. प्रश्न चुकीचा नव्हता, हे आधीच कबूल करतो.

सुरुवात झाली ती एका निर्वाह खर्चाच्या अर्जावरून. एका वयोवृद्ध माऊलीचा अर्ज तयार करायचा होता आणि तिचा अंगठा घ्यायला मी आमच्या भागातल्या एका छोट्या वृद्धाश्रमात गेलो. दुपारचे चार वाजले असतील. ओसरीवर वीस-बावीस म्हातारी माणसे भिंतीला पाठ लावून बसली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हते. लांबून रेल्वेची शिट्टी आली की तेवढ्या माना वळायच्या. मुदखेड जंक्शन असल्याने गाड्यांना तोटा नाही. एक आजोबा आवाजावरून ही गाडी आदिलाबादकडची की नांदेडकडची ते सांगत. तीच त्यांची करमणूक. टीव्ही होता, पण तो कार्यालयात होता आणि कार्यालयाला कुलूप होते. कारण विचारले तर उत्तर मिळाले, "लाईट बिल कोण भरणार?"

मी आजींना कायद्याने किती रक्कम मागता येते ते समजावून सांगत होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पैशाचं तुमी बगा बाबा. पर ह्यो दिस कसा सरावा, त्याचा काई अर्ज करता येतो का?"

बांधवांनो, वीस वर्षे काळा कोट घालतो आहे. इतका अवघड प्रश्न मला कोणत्याही कोर्टात विचारला गेला नाही.

घरी येऊन कायद्याचे पुस्तक पुन्हा उघडले. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७' आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असतो. मुलांनी सांभाळले नाही तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो, सांभाळण्याच्या अटीवर नावावर करून दिलेली मालमत्ता अट मोडल्यास कलम २३ खाली रद्द करून घेता येते, म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडून दिले तर कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढे आपण सांगतो आणि थांबतो. मीही तिथेच थांबत होतो. पण कलम १९ कोणी वाचत नाही. या कलमात म्हटले आहे की राज्य शासन टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापन करू शकेल, प्रत्येक जिल्ह्यात किमान एकापासून सुरुवात करील आणि त्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय असेल. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना कशी असावी हे सांगताना दोन गोष्टी एका दमात घेतल्या आहेत. एक वैद्यकीय सेवा आणि दुसरी करमणुकीची साधने.

औषध आणि करमणूक एकाच वाक्यात! हे वाक्य लिहिणाऱ्याला माणूस कळला होता, असेच म्हटले पाहिजे. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये बेकारी, आजारपण यांच्याबरोबर वार्धक्यातही राज्याने सहाय्य द्यावे असे मार्गदर्शक तत्त्व बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या हातून घटनेत आले. ज्येष्ठांसाठी हा कायदा यायला २००७ साल उजाडले. आणि तोही कायदा 'शासन करील' असे न म्हणता 'शासन करू शकेल' असे म्हणतो. 'करील' आणि 'करू शकेल' यांच्यातल्या फटीत किती म्हातारी माणसे पडतात, हे मंत्रालयातून दिसत नाही. वृद्धाश्रमांतील करमणुकीच्या साधनांवर काय खर्च झाला, अशी माहिती मी माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाकडे मागितली. उत्तर एका शब्दाचे आले, 'निरंक'.

म्हणजे वृद्धाश्रमात सिनेमा दाखवणे ही कोणाची दया नाही. वाढदिवसाला केळी वाटून फोटो काढणाऱ्यांचा तो उपक्रम नाही. कायद्याने ज्याचे नाव घेतले आणि शासनाने ज्याला निरंक म्हटले, अशी ती एक साधी हक्काची गोष्ट आहे.

इथे काही बांधव म्हणतील, वृद्धाश्रम हे सदाशिव पेठेचे दुखणे, आपल्या समाजात आई-बापाला कोणी तिकडे टाकत नाही. हे ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींच्या वर होती. त्यात आपली माणसे नव्हती काय? मुदखेड, भोकर, किनवट, देगलूर, कुठल्याही तालुक्यातल्या बौद्धवाड्यात दिवाळीनंतर जाऊन पाहा. धडधाकट माणूस दिसणार नाही. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्यात वॉचमन, कोणी हैदराबादेत सेंट्रिंगच्या कामावर. मागे उरतात ते म्हातारे आणि कुलपे. मुदखेडचा परिसर फुलशेतीसाठी नावाजलेला आहे. ज्या बायांनी दुसऱ्याच्या मळ्यात पहाटेपासून फुले तोडून कंबर मोडून घेतली, त्याच आता दारात बसून श्रावणबाळच्या पैशाची वाट पाहतात. २०२३ मध्ये ती रक्कम हजारावरून दीड हजार झाली. दीड हजारात औषध येईल, मीठमिरची येईल. सोबत येत नाही. यातली काही माणसे शेवटी आश्रमात येतात. ज्यांना पैसे भरणे जमते त्यांना खाट मिळते आणि ज्यांना जमत नाही ती कोणाच्या तरी धर्मादायावर राहतात.

तर आम्ही ठरवले, महिन्यातून एक सिनेमा दाखवायचा. लग्नात फोटो दाखवणाऱ्या एका ओळखीच्या पोराकडून प्रोजेक्टर मागून आणला. पांढरी चादर भिंतीवर ताणली. जयंती मंडळाचा एक स्पीकर आणला. कोणता सिनेमा लावायचा, याचा विचार करायची मला गरजच वाटली नाही. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. २००० साली प्रदर्शित झालेला, मामुट्टीने त्यात बाबासाहेब उभे केले आणि त्या कामासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चळवळीच्या माणसाला याहून दुसरे काय सुचणार?

तो दिवस मी विसरणार नाही. सुमारे तीन तासांचा सिनेमा आम्ही एका बैठकीत लावला. वेळ ठेवली संध्याकाळी सातची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या झोपण्याची. पाऊण तासात अर्धी मंडळी पेंगली. तिघांना लघवीला जायचे होते, पण आम्ही थिएटरसारखा मिट्ट काळोख केला होता. एक आजी चाचपडत उठल्या आणि वायरीत पाय अडकून पडता पडता वाचल्या. स्पीकर मागच्या कोपऱ्यात होता. संगीत ढणढण ऐकू येत होते आणि संवाद एकही कळत नव्हता. हिंदीतले भाषण चालू असताना एक आजोबा शेजाऱ्याला मोठ्याने विचारत होते, "कोण मेलं? कामून रडायले?" सिनेमा संपला तेव्हा आमची पाच पोरे आणि दोन म्हातारे जागे होते. आम्ही प्रबोधन करायला गेलो होतो आणि ज्यांचे करायचे ती माणसेच विसरलो होतो.

चळवळीत अशी चूक आपण नेहमी करतो. भाषण आपल्याला आवडते म्हणून लांबवतो, सभा आपल्या सोयीने उशिरा सुरू करतो आणि समोरचा उठून गेला की समाज जागृत नाही असे म्हणतो.

पुढच्या महिन्यापासून पद्धत बदलली. ज्यांना हे काम करावेसे वाटेल त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द लिहून ठेवतो. वेळ दुपारची तीनची घ्यावी, चहाच्या आधी सुरू करून उजेड असतानाच संपवावे. उन्हाळ्यात मात्र सकाळी, कारण पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. खिडक्यांना पोती किंवा जाड चादरी लावाव्यात, पण पूर्ण अंधार करू नये. संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर एक दिवा जळताच ठेवावा आणि दारापाशी एक पोरगा हात द्यायला उभा असावा. वायरी भिंतीकडेने न्याव्यात. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी थांबावे, लघवी-पाणी होऊ द्यावे. मोठा सिनेमा दोन दिवसांत दाखवला तर काही बिघडत नाही, उलट रात्री त्यांना बोलायला विषय मिळतो. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून नुसता आवाज वाढवून उपयोग नसतो, स्पीकर पुढे, पडद्याजवळ, कानाच्या उंचीवर ठेवावा लागतो. खाली येणारी अक्षरे वाचता न येणारे बरेच असतात, तेव्हा भाषा कळणारीच हवी. खाऊ आणताना साखरेचे आजार कोणाला आहेत ते आधी विचारावे. वीज जाते हे गृहीत धरून बॅटरीची सोय ठेवावी. आणि सिनेमा संपला की सामान आवरून पळू नये. खरा सिनेमा त्यानंतरच सुरू होतो.

आता खुर्च्यांची गोष्ट सांगतो, कारण हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा आमच्या आधीच आश्रमाने बैठक मांडून ठेवली होती. पुढे आठ खुर्च्या, मागे सतरंजी. खुर्च्यांवर पैसे भरणारे बसले, सतरंजीवर फुकटचे. हे कोणी सांगितले नव्हते, तिथे ते रोजचेच होते. जेवणाची पंगतही तशीच बसत असे. सतरंजीच्या अगदी कडेला, भिंतीच्या आडोशाला ऐंशीच्या घरातले एक बाबा बसले होते. तिथून अर्धा पडदासुद्धा दिसत नव्हता. मी म्हणालो, "बाबा, पुढे या." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मला सवं हाय."

मग त्यांनीच सांगितले. ते तरणे होते तेव्हा जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. तिकिटाला पैसे नसायचे आणि असले तरी गावच्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायची छाती नसायची. महारवाड्यातली पोरे तंबूच्या मागे जाऊन कापडाला डोळा लावायची. पडद्याच्या मागून सिनेमा दिसतो, पण उलटा. उजवा हात डावा होतो, पाटीवरची अक्षरे उलटी होतात. बाबा म्हणाले, "म्या लै सिनेमे बगितले वकीलसाब. पर सुलटा एक बी न्हाई."

त्या दिवशी आम्ही सिनेमा अर्धा तास उशिरा सुरू केला. आधी खुर्च्या उचलल्या आणि अर्धगोल मांडले, ज्याला गुडघ्यामुळे खाली बसवत नाही त्याला खुर्ची, बाकीच्यांना पाठीला लोड. पैसे भरले की नाही हा निकष नव्हता, गुडघा दुखतो की नाही हा होता. दोन खुर्चीवाले रुसून खोलीत गेले. त्यातला एक दहा मिनिटांनी परत आला, दुसरा त्या महिन्यात आलाच नाही. बाबांना मधोमध बसवले. ते संकोचून बसले होते, पण पडदा उजळला तेव्हा मान वर केली ती शेवटपर्यंत खाली घेतली नाही.

फिरत्या तंबूतले सिनेमे आता जवळजवळ संपले. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून असे सिनेमे नेणाऱ्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तंबूची आठवण जगाने पाहिली. तंबूच्या मागे डोळा लावून उभ्या असलेल्या पोरांची आठवण मात्र अजून कोणी चित्रित केलेली माझ्या पाहण्यात नाही.

तिसरा धडा निवडीचा. आश्रमाच्या व्यवस्थापकांना भक्तिपट हवे होते. आमच्या पोरांना क्रांतीचे हवे होते. एका देणगीदार गृहस्थांनी 'बागबान' सुचवला. आता ज्यांना पोटच्या पोरांनी घराबाहेर काढले त्यांना तीच कथा पुन्हा दाखवून रडवायचे, यात कसली आली करमणूक? शेवटी ठरवले, बघणाऱ्यांनाच विचारायचे. तीन टोपल्या मांडल्या, प्रत्येकीपुढे एका सिनेमाचे मोठे चित्र लावले. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका दिला. टोपल्या पडद्याआड ठेवल्या, म्हणजे कोणी कोणाचे पाहू नये. एक माणूस, एक चिंचोका. खुर्चीवाल्याला दोन नाहीत आणि सतरंजीवाल्याला अर्धा नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारला तिने तिथे पाच मिनिटे उभे राहून विचार केला.

निकाल लागला, दादा कोंडके. १९७१ चा 'सोंगाड्या' भरघोस चिंचोक्यांनी निवडून आला.

आमच्या मंडळात त्यावरून वाद पेटला. जयंतीच्या वर्गणीतून उरलेला पैसा दादा कोंडकेवर खर्च करायचा काय, असा थेट प्रश्न एका तरुणाने विचारला. मी त्याला म्हणालो, "बाबा रे, गेल्या जयंतीत डीजेवर किती गेले ते आधी सांग." तो गप्प झाला, पण त्याचे समाधान झाले नव्हते आणि माझेही उत्तर खरे तर उडवाउडवीचे होते. खरे उत्तर वेगळे आहे. ज्याला आयुष्यभर निवड मिळाली नाही त्याला निवड द्यायची आणि त्याने आपल्या पसंतीचे निवडले नाही म्हणून ती काढून घ्यायची, तर मग आपल्यात आणि त्या व्यवस्थापकात फरक काय राहिला? बाबासाहेबांनी एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य सांगितले. त्यात मत आपल्या मनासारखे पडले पाहिजे अशी अट नव्हती. 'सोंगाड्या' लावला. ज्या ओसरीवर माणसे बोलत नव्हती तिथे लोक पोट धरून हसले. अर्जवाल्या आजी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. दिवस सरला होता.

आणि गंमत पाहा. चार-पाच महिन्यांनी त्यांनीच विचारले, "तो बाबासाहेबाचा सिनेमा अर्धाच राहिला होता न्हवं? तो लावा." यावेळी अडथळा दुसरीकडून आला. आश्रमाशी संबंधित एक गृहस्थ म्हणाले, "जातीपातीचे सिनेमे इथे नकोत, सगळे गुण्यागोविंदाने राहतात." गुण्यागोविंदाने म्हणजे खुर्ची आणि सतरंजीने! मी वाद घातला नाही. टोपल्या मांडल्या. चिंचोके पडले. ज्यांना पाहायचे नव्हते ते आपल्या खोलीत राहिले, तोही त्यांचा हक्क आहे. सिनेमा चार दुपारी, चार तुकड्यांत दाखवला. कठीण हिंदी आले की आमची एक मुलगी थांबवून मराठीत सांगायची.

महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग झाला आणि आम्ही चहासाठी थांबलो. तेव्हा एक आजी बोलू लागल्या. १९७८ साल. २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जाळून मारले. आजी तेव्हा विशीत होत्या, कडेला लेकरू होते. रात्र पिकात काढली, लेकराच्या तोंडावर हात धरून. सकाळी परत आल्या तर घराच्या जागी राख आणि फुटके रांजण. इतक्या वर्षांत त्यांनी हे आश्रमात कोणालाही सांगितले नव्हते.

शेजारी दुसऱ्या समाजाच्या एक आजी बसल्या होत्या. रोज दोघी एका ओसरीवर, शेजारी खाट. त्या बराच वेळ खाली पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गावात बी झालं व्हतं. आमी आतून कडी लावून घेतली. आवाज यायला होता." एवढेच. माफी नाही, गळाभेट नाही. दोघींनी चहा घेतला. पुढचा तुकडा सुरू झाला तेव्हा दोघी शेजारीच बसल्या होत्या.

मी वकील आहे, साक्षीदाराची किंमत मला कळते. १९७८ साली माझा जन्म झाला नव्हता. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. मला जे माहीत आहे ते पुस्तकांतून आणि भाषणांतून. इथे मात्र जळणाऱ्या घरातून पळालेली आणि आतून कडी लावलेली, अशा दोन्ही साक्षी एका ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना बोलते करायला ना आयोग लागला, ना संशोधक. एक चादर, एक प्रोजेक्टर आणि चहा लागला. त्यानंतर आमची मुले सिनेमा संपला की वही घेऊन बसतात, ज्याची परवानगी असेल त्याचेच लिहून घेतात. त्या दुपारी बोललेल्या पहिल्या आजी आता हयात नाहीत. त्यांचे अडीच पानांचे कथन वहीत आहे. आधीच्या साठ-सत्तर वर्षांत त्यांचे एक वाक्यही कोणी लिहून घेतले नव्हते.

आता कायद्याची बाजू सांगितलीच पाहिजे, कारण हक्क सांगणाऱ्याने चोरीची प्रत लावणे शोभत नाही. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे चित्रपट लोकांपुढे दाखवण्याचा हक्क त्याच्या मालकाचा असतो. कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. शाळा-कॉलेजात विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुढे दाखवता येतो. वृद्धाश्रमाचे नाव मात्र त्या यादीत स्पष्टपणे नाही. म्हणून आम्ही निर्मात्याला किंवा हक्कदाराला साधे पत्र लिहितो. प्रवेश मोफत आहे, प्रेक्षक इतके आहेत, जागा ही आहे. परवानगी आली की लावतो, नाही आली तर दुसरा शोधतो. आणखी एक वाट आहे. कलम २६ प्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९६४ किंवा त्याआधी आलेल्या चित्रपटांची ती मुदत संपलेली आहे. गाण्यांचे आणि कथेचे हक्क वेगळे असू शकतात, तेवढे तपासून घ्यावे. या जुन्या खजिन्यात काय नाही? बिमल रॉय यांचा अस्पृश्य मुलीवरचा १९५९ चा 'सुजाता' आहे. आचार्य अत्रे यांचा १९५४ चा 'महात्मा फुले' आहे, ज्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते. आणि हीच आपल्या ज्येष्ठांच्या तरुणपणाची गाणी आहेत. ज्यांना स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही असे एक आजोबा जुने गाणे लागले की ओठ हलवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

इंग्लंडमध्ये मेडीसिनेमा नावाची संस्था १९९६ मध्ये निघाली आणि १९९९ मध्ये तिने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णांसाठी खास चित्रपटगृह उभारले. खाटेसकट, चाकाच्या खुर्चीसकट आत जाता येते. तिथे ती धर्मादाय वर्गणीतून चालते. आपल्याकडे वर्गणी नाही काय? आपल्याकडे तर वर्गणीच वर्गणी आहे! प्रश्न ती कुठे जाते याचा आहे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात आमचे कित्येक महिन्यांचे सिनेमे होतात. त्या भिंतींनी म्हाताऱ्यांची छाती धडधडते ती वेगळीच.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली आणि जो आजाऱ्याची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, असा उपदेश केला. आपण ही कथा वर्षावासात ऐकतो. ऐकून घरी जातो. तेव्हा चळवळीतल्या तरुणांना माझे सांगणे एवढेच. ज्या गावात वृद्धाश्रम आहे तिथे महिन्यातून एक दुपार द्या. जिथे नाही तिथे बुद्धविहार आहे. गावात मागे राहिलेल्या सर्व समाजांच्या म्हाताऱ्यांना बोलवा आणि विहाराची भिंत पडदा म्हणून वापरा. खुर्च्या मांडताना डोळे उघडे ठेवा. निवड त्यांना करू द्या. वही सोबत ठेवा. आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाला दर सहा महिन्यांनी अर्ज करून विचारत राहा की कलम १९ प्रमाणे करमणुकीच्या साधनांसाठी तुम्ही काय केले. 'निरंक' हे उत्तर एकाला देता येते, शंभर जणांना देताना हात थरथरतो.

पहिल्या बैठकीत मला प्रश्न विचारणारे ते जुने कार्यकर्ते आजही म्हणतात की गायरानाचा प्रश्न आधी. मी त्यांना म्हणतो, बरोबर आहे, त्या केसची तारीख मंगळवारी आहे आणि मी उभा राहणार आहे. सिनेमा रविवारी आहे. ते स्वतः आता सत्तरीला टेकले आहेत. गेल्या रविवारी 'काय चालवलंय ते बघायला' म्हणून आले आणि चिंचोका हातात घेऊन टोपल्यांपुढे बराच वेळ उभे होते. त्यांनी कोणत्या टोपलीत टाकला ते मी विचारले नाही. मतदान गुप्त आहे.

जयभीम!